भाषेचा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे, ही या सगळ्या अनर्थाची सुरुवात. पेडण्याच्या प्राथमिक शाळेत एकोणीस वर्षं फळ्यावर लिहून लिहून ते तसं झालंय. त्यामुळे लग्नपत्रिकेचा मजकूर असो की पंचायतीला द्यायचा अर्ज, गावातलं कुणीही कागद घेऊन माझ्याकडेच येतं. नवऱ्याने सिनेमा काढला तेव्हा त्याचे कागदही मीच भरले. सेन्सॉरच्या अर्जात एक रकाना होता, जेमतेम तीन बोटं रुंद. चित्रपटाची भाषा. मी क्षणभरही न थांबता लिहिलं, मराठी.

त्या एका शब्दापायी हौसा नावाच्या बाईचा आवाज जगातून गेला. बाई आधीच गेली होती. आवाज तेवढा उरला होता, तो मी घालवला.

आमच्याकडे बोलणं एक आणि लिहिणं एक. घरात ‘माका, तुका’ चालतं, हातात पेन आलं की आपोआप ‘मला, तुला’ येतं. माझ्या आईने मला उभ्या जन्मात मराठीत हाक मारली नाही आणि एकही पत्र कोंकणीत लिहिलं नाही. ते साल एकोणनव्वद. गोवा वेगळं राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्याआधी राजभाषेवरून जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. माझे दोन चुलतदीर, एक मराठीवाला आणि एक कोंकणीवाला, एकाच विहिरीवर पाणी भरत आणि एकमेकांशी बोलत नसत. भांडले तर मात्र दोघांच्या शिव्या एकाच भाषेत. एवढं बघूनही तो रकाना भरताना माझ्या डोक्यात काही आलं नाही. सिनेमाचं बाड मराठी अक्षरात, मराठीच्या वहीत, मीच उतरवून काढलेलं. मग भाषा मराठी, यात विचार तो काय करायचा!

नवऱ्याचं नाव कृष्णनाथ. त्याला नावाने हाक मारणारी आमच्या वाड्यावरची मी एकटीच. पेडण्याच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट. चांगलं चाललं होतं, पण माणसाला चांगलं चाललेलं बघवत नाही, त्यातलाच तो. डिचोलीकडे एका लग्नाचे फोटो काढायला गेला असता खाणीच्या कडेच्या गावातली आटलेली विहीर बघून आला आणि महिनाभर जेवणावरून उठून लिहीत बसू लागला. गोष्ट साधीच होती. खाण खोल जाते, विहीर आटते, आणि तिच्यावर संसार केलेली एक बाई रोज कोरड्या विहिरीवर जाऊन बसते.

बाईच्या कामासाठी फोंड्याहून नाटकात काम करणारी एक नटी आणली होती. ती लाल धुळीत उभी राहायला कुरकुर करत होती. पहिल्याच दिवशी तिला विहिरीला रागे भरायचं होतं. ती हात जोडून, गळा काढून काय काय म्हणाली. बाजूला खनिजाची पाटी घेतलेल्या मजूर बायका उभ्या होत्या. त्यातली एक फिसकन हसली.

“असं बोलत्यात व्हय विहिरीशी? ती काय देवी हाय?”

कृष्णनाथने विचारलं, “मग कसं बोलतात?”

तिने पाटी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि विहिरीच्या काठावर हात ठेवून सुरू झाली.

“काय गं भवाने, बारा वर्सं तुझं उदक प्यालो, तुझ्या काठाला माझी पोरगी वाडली, आनि आता तोंड कोरडं करून बसलीस? कुनी सांगिटलं तुला असं कराय? खानवाल्यानं? मग जा की त्याच्या घरला मराय. माझ्या दारात कशाला मेलीस?”

ती हौसा. मूळची चंदगडकडची, कोल्हापूर जिल्ह्यातली. नवरा जयवंत खाणीवर, तीही खाणीवर, डिचोलीत बारा वर्षं काढलेली. बोलणं तिकडचं, त्यात पाणी म्हणायच्या जागी ‘उदक’, भाकरी संपली की ‘जेवण सोंपलं’. तिकडच्या बायकांच्या रीतीप्रमाणे ती स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायची. या बोलण्याला ती नक्की कोणती भाषा म्हणत होती ते मी तिला कधी विचारलं नाही. तिलाही कुणी विचारलं नसावं.

फोंड्याची नटी त्याच संध्याकाळी परत गेली. तिचं मानधन हौसाला मिळालं नाही, कारण तेवढे पैसे नव्हतेच. खाणीवरच्या दीडपट रोज आणि दोन वेळचं जेवण, असं ठरलं. आमचे वकील मधुकरबाब यांनी एक संमतिपत्र करून दिलं होतं, त्यावर तिचा अंगठा घेतला. वाचून दाखवताना ‘माझ्या प्रतिमेत व आवाजात निर्मात्यास योग्य वाटतील ते फेरफार करण्यास’ या ओळीवर ती थांबली आणि म्हणाली, “आवाज बदलून काय बकरीचा लावनार?” आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले.

विहिरीचा तो प्रसंग सात मिनिटांचा आहे. तिथे कॅमेरा हलत नाही. आवाज जागेवरच घेतलेला होता. एक शब्द कृष्णनाथने लिहिलेला नाही. ती विहिरीला शिव्या घालते, मग तिची चौकशी करते, मग तिला स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगते, आणि शेवटी म्हणते, “बरं, मी जातो. उद्या येतो. तू काय कुठं जात न्हाईस.” मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा कृष्णनाथच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसले होते. इतकी रडले की शेजारचा शिंपी चौकशीला आला.

चित्रीकरण संपल्यावर चार महिन्यांनी हौसाला कावीळ झाली. नऊ दिवसांत गेली. आम्हाला कळलं तेव्हा जाळून आले होते. तिची मुलगी राणी सोळा वर्षांची होती, जयवंतने खोली सोडली आणि तो मुलीला घेऊन गावी गेला. त्यांच्याकडे हौसाचा एकही फोटो नव्हता. कृष्णनाथने सिनेमाच्या फितीतून एक मोठा करून दिला. राणीने तो घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “गप बसलेली हाय. आई गप कधी बसायची?”

सिनेमा तयार झाला आणि खरी कथा सुरू झाली. पावणेदोन लाखांचं कर्ज होतं, राहतं घर आणि माझ्या सासऱ्यांनी हयातीतच कृष्णनाथच्या नावावर केलेलं चोपड्याचं भाट, म्हणजे माडाकाजूंची बागायत, गहाण टाकून काढलेलं. आता गोव्याबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं, की पोर्तुगीज गेले तरी त्यांचा एक कायदा आमच्या घराघरांत राहिला. लग्न झालं की अर्धं नवऱ्याचं, अर्धं बायकोचं. घर विकायचं, गहाण टाकायचं, तर दोघांच्या सह्या. बाहेरच्या बायका ऐकून म्हणतात, काय भाग्यवान तुम्ही! भाग्य कसलं? बाहेरची बाई निदान म्हणू शकते की नवऱ्याने मला न विचारता केलं. आम्हाला तेवढीही सोय नाही.

वितरक मुंबईचे दोन आणि मडगावचा एक, तिघांनी सिनेमा पाहिला. एकाने चहा पाजला, एवढीच मिळकत. दिल्लीच्या टीव्हीवर रविवारी दुपारी वेगवेगळ्या भाषांतले सिनेमे दाखवत, तिथे अर्ज केला. मराठीच्या यादीत आमच्यापुढे इतके मोठे लोक उभे होते की आमचा नंबर आमच्या नातवंडांच्या वेळी लागला असता. महाराष्ट्र सरकारची मदत होती, ती महाराष्ट्रातल्या निर्मात्याला. आमचं रेशनकार्ड पेडण्याचं.

मग कळलं की पणजीची एक कचेरी कोंकणी चित्रपटाला दोन लाख देणार आहे. नवं राज्य, नवी राजभाषा, नवी योजना. कृष्णनाथ खुशीत बसने पणजीला जाताना पोदेराकडचे, म्हणजे बेकरीवाल्याकडचे, दोन पाव घेऊन गेला. परत आला तेव्हा तेच पाव तसेच खिशात. मी तोंडाकडे बघूनच ओळखलं.

कचेरीतल्या कारकुनाने सेन्सॉरच्या दाखल्यावर बोट ठेवलं होतं. “बाब, हांगा भास मराठी बरयल्या. आमी कोंकणीक दितात.”

“कोणें बरयलें तें?” ते कुणी लिहिलं, असं कारकुनाने विचारलं तेव्हा कृष्णनाथने माझं नाव सांगितलं नाही. हे त्याने मला आठ दिवसांनी सांगितलं. त्याऐवजी त्याने त्या दिवशी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी मला हलकं वाटलं असतं.

दुरुस्तीसाठी अर्ज केला. तोही मीच लिहिला, यावेळी प्रत्येक शब्द तीनदा वाचून. तीन जणांची समिती नेमली गेली. त्यांनी सिनेमा पाहिला. अहवाल दोन पानांचा आला आणि तो इंग्रजीत होता, म्हणजे तिन्ही सभासदांची एकमेकांशी बोलायची भाषा कोणती असेल ते बघा. त्यात म्हटलं होतं की इतर पात्रांचं बोलणं पेडणे-डिचोली भागातल्या कोंकणीचं रूप म्हणून मान्य करता येईल, मात्र काही ठिकाणी ‘माका’ आहे ते ‘म्हाका’ करावं. मुख्य भूमिकेतल्या बाईचं बोलणं कोंकणी नाही. तिच्या बोलण्यात लिंगाचे दोष आहेत, स्त्री असून ती पुरुषासारखी क्रियापदं वापरते. तिचा आवाज दुसऱ्या कलाकाराकडून प्रमाण कोंकणीत भरून घेतल्यास चित्रपट योजनेस पात्र ठरेल.

आणि एक अट होती. एकच सिनेमा दोन भाषांत करून दोन सरकारांकडून पैसे घेतल्याचं कुठेतरी घडलं होतं म्हणे. त्यामुळे शपथपत्र हवं होतं, की या चित्रपटाची अन्य भाषेतली कोणतीही प्रत, ध्वनिफीत वा तिचा भाग आमच्याकडे किंवा आमच्या वतीने कुणाकडे अस्तित्वात नाही. जुनी प्रत कचेरीत जमा करून नष्ट करायची.

मधुकरबाबांच्या कचेरीत आम्ही दोघं गेलो. म्हातारा माणूस, पोर्तुगीजांच्या काळात शिकलेला, बोलायला गोड.

“कदेर घेया, बाय,” ते म्हणाले. मी खुर्ची ओढून बसले.

“हौसाचं काय?” मी विचारलं. “तिच्या नवऱ्याला विचारायला नको?”

त्यांनी संमतिपत्र काढून ती ओळ दाखवली. फेरफार करण्यास. “कायद्यान तुमकां कोणाक विचारपाची गरज ना.”

“आणि कायदा सोडून?”

“ताका लागून माजेकडे येवपाची गरज ना,” मधुकरबाब म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मग शपथपत्राचा मसुदा त्यांनी माझ्या पुढे सरकवला. मी म्हटलं, निर्माता कृष्णनाथ आहे, माझं काय काम? तर म्हणाले, “सुलोचनाबाय, अर्दें घर तुमचें, अर्दो सिनेमाय तुमचो. दोगांचीय सही जाय.”

इतके दिवस तो सिनेमा कृष्णनाथचं खूळ होता. त्या कचेरीत मला कळलं की त्यातली निम्मी हौसा माझ्या मालकीची आहे.

सही तिथे केली नाही. कागद घरी आणला. बँकेची नोटीस आली होती, लिलावाची तारीख पडली होती, एकवीस दिवस उरले होते. चोपड्याच्या भाटात सासूबाई अजून रोज सकाळी जाऊन पडलेले नारळ मोजून येत, त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. कृष्णनाथ पडवीत बसून म्हणाला, “तूं ना म्हण. तूं ना म्हटलें जाल्यार हांव आत्ताच कागद फाडतां.”

मला असा राग आला की सांगता सोय नाही. अरे, सिनेमा तुझा, विहीर तू बघून आलास, हौसाला तू उभी केलीस! आणि आता नाही म्हणायचं ते मी? मी नाही म्हटलं असतं तर घर माझ्यामुळे गेलं असतं, हो म्हटलं तर आवाज माझ्यामुळे गेला. त्याच्या वाट्याला दोन्हीकडून फक्त दुःख येणार होतं. दुःखी माणसाला कुणी जाब विचारत नाही.

“तुका काय जाय तें सांग,” मी ओरडले.

मी आत गेले, पेन आणलं आणि चांगल्या अक्षरात सही केली. मग कागद त्याच्या मांडीवर टाकला. त्याने माझ्या सहीखाली सही केली. मला अजून वाटतं, त्याने एकदा, एकदाच, तोंडाने म्हणायला हवं होतं की नको.

मुंबईच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओत तासाला पैसे पडत होते. हौसाचा आवाज द्यायला कोंकणी बोलणारी नटी शोधली, तिने जी रक्कम सांगितली ती ऐकून कृष्णनाथ माझ्याकडे बघायला लागला. माझा आवाज बरा आहे, शाळेत प्रार्थना मीच सांगते. पैसे पडणार नव्हते. असं एकेक पाऊल पडत जातं, आणि प्रत्येक पावलाला कारण असतंच.

संवाद एका प्राध्यापकांनी प्रमाण कोंकणीत लिहून दिले होते. माझ्या कानांवर हौसा, समोर पडद्यावर तिचे हलणारे ओठ, हातात तो कागद. तिने म्हणायचं, “बारा वर्सं तुझं उदक प्यालो,” आणि मी म्हणायचं, “बारा वर्सां हांवें तुजें उदक पियेलें.” ‘भवाने’ काढून टाकलं होतं. ‘मराय जा’ पण काढलं होतं. त्या जागी ‘तुवें अशें कित्याक केलें?’ होतं. ओठांना ते जमत नव्हतं, म्हणून मध्ये मध्ये ‘आगो’ घालत होतो. सात मिनिटांच्या प्रसंगाला दोन दिवस लागले. मला शिव्या देता येत नाहीत हे तिथे कळलं. मी वर्गातल्या पोरीला पाढे न आल्यावर बोलावं तशी त्या विहिरीशी बोलले.

अजय नावाचा माणूस यंत्रावर होता, बेळगावकडचा. पहिल्या दिवसापासून तो हौसाचं बोलणं ऐकून मान डोलवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं, तेव्हा त्याने विचारलं, “जुना आवाज पुसायचा ना? मिश्रणासाठी मला हीच फीत लागणार. तुम्ही नवी घेतली नाहीये.”

चित्रीकरणाच्या वेळच्या टेपा भाड्याच्या यंत्राबरोबर आल्या होत्या आणि पुसून परत गेल्या होत्या. जुनी प्रत पणजीला जमा झाली होती, तिचे तुकडे केल्याची पावती माझ्या पिशवीत होती. म्हणजे हौसा बोलत होती ती जगात एवढ्या एका फितीवर. कृष्णनाथ “येतां हांव” म्हणून बाहेर गेला. गेला तो चहाच्या टपरीवर अर्धा तास बसला.

अजय म्हणाला, “बाई, एक साधी कॅसेट भरून देऊ का? माझ्याकडे पडलीये एक. सात मिनिटांचं तर काम आहे. कुणाला कळणार आहे?”

त्याने टेबलाच्या खणातून कॅसेट काढलीसुद्धा. कुणाच्या तरी हिंदी गाण्यांची होती. तो वरचं लेबल नखाने सोलू लागला.

आणि मी म्हटलं, “नको. आम्ही शपथेवर लिहून दिलंय.”

‘ध्वनिफीत वा तिचा भाग.’ मला ते वाक्य पाठ होतं. मी कागद मानणारी बाई. आयुष्यात एकदा चुकीचा शब्द लिहिला होता आणि त्याने आमचं घर लिलावाच्या यादीत नेऊन ठेवलं होतं. आता लिहून दिलेलं खोटं ठरलं तर पैसे परत मागतील, खटला भरतील, माझी नोकरी जाईल, असं सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. पेडण्याच्या शाळामास्तरणीच्या घरी धाड घालून जुन्या गाण्यांच्या कॅसेटी ऐकत बसणार होतं कोण? आज मी हे स्वतःला रोज विचारते. तेव्हा विचारलं नाही.

अजयने माझ्याकडे पाहिलं. कॅसेट पुन्हा खणात टाकली. “ऐकायचंय एकदा?” म्हणाला. मी मान हलवली. त्याने शेवटचा तुकडा लावला. “बरं, मी जातो. उद्या येतो. तू काय कुठं जात न्हाईस.” मग त्याने फीत उलटी गुंडाळली आणि बटण दाबलं. पुसताना काही आवाज होत नाही.

पैसे आले. दाखल्यावर भाषा कोंकणी झाली. बँकेचं कर्ज फिटलं, घर राहिलं, भाट राहिलं, सासूबाईंना शेवटपर्यंत काही कळलं नाही. पणजीला सिनेमा दाखवला तेव्हा एका वर्तमानपत्राने लिहिलं की मुख्य भूमिकेतल्या स्त्रीची भाषा घरंदाज आणि निर्दोष आहे. माझ्या अक्षराला आयुष्यभर मिळाली नाही तेवढी शाबासकी माझ्या कोंकणीला मिळाली. कृष्णनाथने कात्रण कापून ठेवलं नाही. त्याने पुन्हा सिनेमाचं नावही काढलं नाही. स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढताना तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, “बोलू नका, हलतं.” पूर्वी तो त्यांना हसवायचा.

ब्याण्णवच्या जानेवारीत डिचोलीच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी दहाचा खेळ ठेवला होता. तिकीट नव्हतं. खाणीवरची माणसं आली होती, पाटीवाल्या बायका आल्या होत्या, हौसाबरोबर काम केलेल्या. मी दारातच एका खांबाशी उभी होते. आणि राणी आली.

मी तिला कळवलं नव्हतं. खाणीवरच्या कुणीतरी निरोप पाठवला होता. चंदगडहून पहाटेची बस धरून एकटी आली होती. लग्न झालेलं, दिवस गेलेले दिसत होते. तिने मला लगेच ओळखलं, हात धरून आत नेलं आणि माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसली. त्या दीड तासात मी तिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. विहिरीचा प्रसंग आला. पडद्यावर हौसाने काठावर हात ठेवला आणि तोंड उघडलं, आणि माझा आवाज त्या टॉकीजभर पसरला. पुढच्या रांगेतल्या पाटीवाल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी हसलं नाही, कुणी रडलंही नाही. एक बाई उठून पोराला बाहेर घेऊन गेली. राणीचा हात माझ्या हातावर होता, तो तिने काढला नाही. मला वाटत होतं, तिने तो काढावा.

खेळ संपल्यावर ती माझ्याबरोबर बाहेर आली. तिची बस बाराची होती. स्टँडपर्यंत मी तिच्याबरोबर चालले. स्टँड दिसू लागल्यावर ती म्हणाली, “आवाज तुमचा नव्हं? मी तवाच वळखला.”

मी मान हलवली.

“बरं केलंसा बाई,” ती म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. “आईच्या बोलन्याला समदी हसायची. दुकानदार हसायचा, मुकादम हसायचा. गावाला गेलं की गाववाले बी हसायचे, म्हनायचे गोवेकरीन आली. आज एवढी मानसं बसल्याली, कोन म्हून हसलं न्हाई. लई बरं वाटलं.”

समोरून चंदगडची बस येऊन लागली होती, कंडक्टर पाट्या बदलत होता. राणीने पिशवी खांद्याला लावली आणि जरा जवळ सरकली. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून हळू आवाजात विचारलं.

“ह्यो लोकांसाटी झाला, बाई. आईचा तिचा कुठं ठेवलाय?”

मी म्हटलं, “मुंबईला.”

हा शब्द कुठून आला मला माहीत नाही. एका खोट्याने आवाज वाचला असता तेव्हा मी शपथेला घाबरले होते, आणि इथे दिवसाढवळ्या, कुणी विचारणार नाही की लिहून घेणार नाही अशा ठिकाणी, मी खोटं बोलले.

“मग ऱ्हाऊ दे तितंच,” राणी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं. “मोटी जागा हाय, नीट ठेवत्याल. आमच्या घरात मशीन बी न्हाई लावाय. मी बाळतीन झालो की येतो उन्हाळ्यात. तवा मागवून ठेवा. पोराला आजी ऐकवायची हाय.”

“ये,” मी म्हटलं.

ती बसमध्ये चढली, खिडकीशी जागा मिळाली. बस सुटायला दहा मिनिटं लागली. ती खिडकीतून काही ना काही विचारत होती, कृष्णनाथ कसा आहे, शाळा कशी आहे, सासूबाई कशा आहेत. मी प्रत्येक वेळी नुसती मान हलवत होते.